भिंतीवरचा पट, पानातला घास

आदिवासींचे लघुपट पाहायचे आणि त्यांच्या जोडीला त्याच मातीतलं अन्न चाखायचं, ही जगभरच्या रसिकांना अलीकडे लागलेली गोड सवय आहे. फिनलंडच्या उत्तरेकडे इनारी गावात सामी लोकांचा 'स्काब्मागोव्हाट' महोत्सव ऐन जानेवारीत बर्फाच्या पडद्यावर चित्रपट दाखवतो. न्यूझीलंडमधल्या ओटाकीत २०१४ पासून 'माओरीलँड' भरतो. अशा चित्रपटांना त्यांच्या भूमीच्या चवीची जोड द्यावी, ही कल्पना सुरेख आहे. पालघरहून मनोरकडे जाताना सूर्या नदीकाठी मासवण लागतं. तिथल्या पाड्यांच्या अंगणातून या कल्पनेकडे पाहिलं, तर मात्र एक गंमत ध्यानात येते. इथे चित्राला अन्नाची जोड देण्यासाठी कुणा नामवंत आचाऱ्याला बोलवायला नको. वारली चित्र हाच एक मूकपट आहे, तो तांदळाने रंगवलेला आहे आणि त्यात काय वाढायचं तेही सांगितलेलं आहे. फक्त ते सावकाश वाचायला हवं.

सुरुवात रंगापासून करू. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरूचा हात फिरवायचा. तांदूळ भिजवून, वाटून, पाण्यात कालवला की रंग तयार. बांबूच्या काडीचं टोक चावून चावून त्याचे तंतू मोकळे केले की कुंचला तयार. या रंगाची एक खोड पाहण्यासारखी आहे. ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही. वाळता वाळता पांढरा होत जातो. म्हणजे काढणारी बाई रेघ ओढते तेव्हा ती रेघ तिला पुरती दिसत नसते. पुढची आकृती सुरू असताना मागची हळूहळू उजळून वर येते. प्रतिमा पडद्यावर क्रमाने प्रकटण्याचं जे सुख आपण चित्रपटात शोधतो, ते इथे रंगाच्या वाळण्यातच आहे. या चित्रासोबत काय द्यावं? पेज. तेच तांदूळ, तेच पाणी, चिमूटभर मीठ. रंग आणि पेज यांच्यात फरक आहे तो चुलीचा. इतकी नेमकी जोडी कुठल्या बड्या हॉटेलातल्या आचाऱ्यालाही सुचली नसती.

आता चौकाकडे वळू. लग्नघरात सवाशिणी भिंतीवर लग्नचौक लिहितात, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई, गाणी म्हणून त्यात देवतेला बसवते. धवलेरीच्या गाण्याशिवाय चौक नुसती नक्षी राहतो. म्हणजे या मूकपटाला ध्वनी आहे, आणि तो बाईच्या गळ्यातला आहे. चौकाच्या मध्यभागी पालघाट ही सुफळतेची देवी. तिच्याभोवती चौकटीमागून चौकट, आणि प्रत्येक चौकटीची नक्षी वेगळी. नजर बाहेरून आत येताना प्रत्येक किनारीशी क्षणभर अडखळते. हे अडखळणं मुद्दाम योजलेलं आहे. देवीपर्यंत घाईने पोचायचं नसतं, उंबरे ओलांडत जायचं असतं. सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोड्यावर बसलेली नवरा-नवरी ही सगळी त्या वाटेवर भेटतात. आणि शेजारच्या लहान चौकात असतो पंचशिऱ्या देव. त्याला माणसाचं डोकं नसतं; धडातून धान्याची पाच कणसं वर आलेली असतात. क्षणभर थांबून हे नीट पाहावं. ज्याच्या मस्तकाच्या जागी कणीस आहे, असा देव कल्पिणाऱ्या समाजाने अन्नाविषयीचं आपलं सगळं तत्त्वज्ञान एका आकृतीत सांगून टाकलं आहे. या चौकापुढे पळसाच्या पानावर तांदळाची गरम भाकर ठेवावी. तिच्यावर काहीही नसावं. गेरूवर जसा पांढरा रंग एकटा पुरतो, तशी तीही एकटी पुरते.

भिंतीवरचा चौक भिंत पुन्हा सारवेपर्यंत टिकायचा. लग्नविधीपुरतं असलेलं हे चित्र गोष्ट सांगू लागलं ते १९७०च्या दशकात, चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर पोचल्यानंतर. त्यांनी कागद पुढे ठेवला आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा चित्रकार जगापुढे आला. तोवर हे काम बायकांचं होतं. म्हसे यांनी ते रोजचं, स्वतःचं केलं. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला आणि धुळीत चित्रं काढून मनातलं सांगू लागला, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. पुरस्कारांची यादी बाजूला ठेवूनही त्यांचं खरं काम सांगता येतं: त्यांनी चौकातला थांबलेला काळ वाहता केला.

तो कसा, हे माणसाच्या आकृतीत पाहा. दोन त्रिकोण, टोकाला टोक लावून उभे. जिथे ती टोकं मिळतात तिथे कंबर. एवढ्याशा बिंदूवर अख्खा देह तोललेला असल्यामुळे ही आकृती स्थिर उभी राहूच शकत नाही. ती वाकते, लवते, धावते, ओझं उचलते. डोकं म्हणजे एक ठिपका. बाईचा अंबाडा म्हणजे त्या ठिपक्याला चिकटलेला दुसरा लहान ठिपका. नाक-डोळे नाहीत, तरी कोण दमलंय आणि कोण लाजतंय हे कळतं, कारण सगळा भाव वरच्या त्रिकोणाच्या कलण्यात आहे. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चित्रात चिखलात ओणवलेल्या बायकांची रांग असते. नीट पाहिलं तर रांगेतल्या दोघींच्या पाठी सारख्या नसतात. पहिली नुकती वाकलेली, मधली पुरती लवलेली, शेवटची कंबर सरळ करू पाहणारी. पाहता पाहता शंका येते: या सात-आठ बायका आहेत, की एकाच बाईच्या लागोपाठच्या हालचाली? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. चित्रपटाची पट्टी उलगडून भिंतीवर लावावी तसं हे आहे, आणि ते कॅमेरा न पाहिलेल्या हाताने केलेलं आहे.

वारली चित्रात क्षितिज नसतं, हे दुसरं मर्म. शेत वरून दिसतं, शेतातला बैल बाजूने दिसतो, झोपडी समोरून, आणि झोपडीच्या आतलं जातंही दिसतं. पक्ष्याची नजर, शेजाऱ्याची नजर आणि घरच्या माणसाची नजर एकाच कागदावर नांदतात. वर-खाली, मागे-पुढे असा मानाचा क्रम नाही. मुंगी, माणूस, ताडाचं झाड यांना सारखाच रंग आणि सारखीच काळजी. या शैलीतले सचेतपट बनवणारे बहुतेकदा इथेच घसरतात. ते तळाशी जमिनीची रेघ ओढतात आणि आकृत्यांना त्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे चालवतात. कोका-कोलाने २०१० मध्ये दिवाळीची जाहिरात वारली आकृत्यांमध्ये केली, तेव्हापासून अशा आकृत्या भिंतीवरून पडद्यावर, कपांवर, पिशव्यांवर मुबलक दिसू लागल्या. आकृती उचलणं सोपं आहे. तिच्याभोवतीचा तो क्षितिज नसलेला अवकाश उचलता आला, तरच लघुपट वारली झाला असं म्हणावं. चित्राचा जीव आकृतीहून त्या मोकळ्या जागेत अधिक आहे.

या अवकाशाचा कळस पाहायचा तर म्हसे यांचं मासेमारीचं जाळं पाहावं. हा विषय त्यांनी पुन्हा पुन्हा हाताळला. जाळं जवळजवळ सगळं कापड व्यापतं; कडेला माणूस इवलासा. जाळ्याचं प्रत्येक घर हाताने विणल्यासारखं काढलेलं, पण कुठलीही दोन घरं एका मापाची नाहीत. म्हणून दुरून पाहिलं की जाळं पाण्यात हेलकावतंय असं वाटतं. म्हसे यांच्या रेघेचं रहस्यही इथेच सापडतं. ती सलग नसते. तुटक रेघा, ठिपके, पुन्हा रेघ. हात थांबतो तिथे पाणी चमकतं. माशांना वेगळा रंग नाही, वेगळी जाडी नाही; जाळ्याच्या विणीतच ते घुटमळतात आणि नजरेला शोधावे लागतात. चित्रकार आपल्याकडून कोळ्याचं काम करून घेतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

या चित्राच्या जोडीला समुद्रातलं पापलेट आणू नये, सातपाटीचं मासेमारी बंदर जवळ असलं तरी. हे जाळं ओढ्यानाल्याचं आहे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात, ती वळगण. भाताच्या खाचरापर्यंत चढून येणारा तो बोटभर मासा हळद-मीठ लावून, पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजावा. पान करपतं, मासा वाफेवर शिजतो. खाताना काटे सांभाळावे लागतात, जीभ सावध होते. जाळ्याच्या चित्रात नजर जसं काम करते तसंच काम इथे जिभेला करावं लागतं. सावकाशपणाची ही सक्ती दोघांत सारखी आहे. पाऊस सरल्यावर कार्यक्रम असेल तर निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबीलही चालेल. किनाऱ्यावरून टोपलीतून पाड्यापर्यंत चढलेल्या त्या बोंबलाने इथल्या किती पावसाळ्यांना चव दिली आहे.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे, तर या पटातला एक काळा तुकडा वगळून चालणार नाही. लग्नासाठी काढलेलं कर्ज फेडता फेडता सावकाराच्या दारी जन्मभर राबणारे लग्नगडी याच मुलखात होते. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी काढायची आणि पीक आल्यावर ती वाढीव मापाने फेडायची, हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलं. १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली उठले ते या वेठबिगारीविरुद्ध. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती कहाणी आहे. हे ठाऊक असलं की चौकातल्या पंचशिऱ्याची कणसं वेगळी दिसू लागतात. लग्नगड्याच्या घरची बाईही लग्नात हाच चौक लिहीत होती. घरात पायली-दोन पायली दाणा असताना भिंतीवर तिने धान्याचा देव उभा केला, आणि त्यासाठी घरातला मूठभर तांदूळ वाटून रंगात घातला. ही सजावट समृद्धीतून आलेली नाही, मागण्यातून आलेली आहे. म्हणूनच तिच्यात एकही रेघ सैल नाही.

या तुकड्यासोबत रानभाजी हवी, आणि ती शेवळाचीच हवी. पावसाच्या तोंडावर जमिनीतून कोंब वर येतो तो शेवळाचा. दिसायला देखणा, पण नुसता शिजवून खाल्ला तर घशाला खवखव सुटते. त्याच सुमारास रानात काकडाची आंबट फळं येतात. ती शेवळात घातली की खवखव मावळते आणि भाजीला आंबूस, जवळजवळ मांसल अशी खोली येते. रानाने विष आणि उतारा एकाच पंधरवड्यात पुढे ठेवावेत आणि कुणीतरी भुकेल्या बाईने त्यांची गाठ घालून द्यावी, यात पाककलेचा सगळा इतिहास आला. सोबत नागलीची भाकर द्यावी. ही डिश उपासमारीच्या दिवसांची आहे आणि तरीही रुचकर आहे, ही गोष्ट वाढताना पाहुण्यांना एका वाक्यात सांगावी. जास्त बोलू नये.

आता सर्वांच्या ओळखीचं चित्र: तारपा नाच. हॉटेलांच्या भिंतींवर पाहून पाहून हे चित्र आपण पाहणंच सोडून दिलं आहे. म्हणून पुन्हा पाहू. तारपा वाजवणारा मध्यभागी असतो आणि नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वेढे घेते. ते बंद वर्तुळ नसतं, एका टोकाने मोकळा राहिलेला वेढा असतो. रांगेच्या टोकाचा माणूस काठी आपटत वळण देतो, आणि वादकाचा सूर बदलला की अख्खी रांग दिशा बदलते. चित्रकाराने नेमका तोच क्षण पकडलेला असतो. आतल्या वेढ्यातल्या आकृत्या वळून गेलेल्या, बाहेरच्यांपर्यंत वळण अजून पोचायचं आहे. सूर आकृतीगणिक कसा प्रवास करतो ते आपल्याला दिसतं. आणि तारपा स्वतः काय आहे? वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा. वेलावरचं फळ फुंकलं की नाच उभा राहतो.

तारपा नाचाच्या चित्रात सहसा एक तपशील कडेला असतो आणि पाहणाऱ्याच्या नजरेतून तो हमखास निसटतो. ताडावर चढलेला माणूस, कमरेला मडकं बांधलेला, नाचाकडे पाठ करून आपल्या कामात गर्क. चित्रकार त्याला विसरत नाही, कारण नाचणाऱ्यांना पेय कुणीतरी उतरवून आणायचंच असतं. आनंदामागची मेहनत आनंदाच्याच चित्रात, पण बाजूला, गाजावाजा न करता दाखवणं याला मी अभिजात संयम म्हणेन. या चित्रासोबत पहाटेची ताडी द्यावी. सकाळी ती गोड आणि निर्मळ असते, ऊन चढेल तशी आंबत जाते. दिवसभरात चव बदलत जाणारं हे पेय स्वतःच काळाची कला आहे. ताडी नसेल त्या हंगामात बहाडोलीची जांभळं किंवा मोहाची भाजलेली फुलं ठेवावीत.

शेवटचा पट चित्राचा नाही, कथेचा आहे. जव्हार-मोखाड्यापासून डांगपर्यंत वारली, कोकणा, ठाकर यांच्या वस्त्यांवर थाळीच्या साथीने कथा गातात. काशाची किंवा पितळेची थाळी घ्यायची, मधोमध मेणाचा गोळा चिकटवायचा, त्यात बारीक काडी रोवायची. बोटांच्या चिमटीने काडी वरून खाली ओढली की थाळीतून अखंड घुमारा उठतो, आणि त्या घुमाऱ्यावर गायक रात्रभर देवदेवतांच्या कथा सांगतो. वारली भगत घांगळीवर कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, गाणी म्हणतात. घांगळीही दुधीच्याच भोपळ्यांची. खळ्यावर नवं भात आलेलं आहे, त्या भाताची देवी गाण्यातून येते, आणि ज्या थाळीत उद्या त्याचा भात वाढला जाईल तीच आज वाद्य झालेली आहे. यापुढे कुठलीही जुळवाजुळव फिकी पडावी. इथे श्रोत्यांना नव्या तांदळाचा भात आणि उडदाचं वरण वाढावं, थाळी वाजून थांबल्यावर, त्याआधी नाही.

असा कार्यक्रम कुणी करणार असेल, तर त्याने काही पथ्यं पाळावीत. आधी चित्र, मग घास. दोन्ही एकदम नकोत, कारण जीभ कामाला लागली की नजर आळशी होते. पदार्थाला वारली नक्षीचं ताट नको. पळसाचं पान पुरे. पडद्यावर दाखवायचे लघुपट पाड्यावरच्या मुलामुलींनी मोबाईलवर केलेले असले तरी चालतील, पण त्यांनी क्षितिजाची रेघ ओढू नये. स्वयंपाक पाड्यावरच्याच बायकांचा असावा, चित्रकारांइतकंच मानधन त्यांना मिळावं आणि निमंत्रणपत्रिकेवर त्यांची नावं तितक्याच मोठ्या अक्षरात छापावीत. सूर्या नदीचं पाणी मासवणहून नळांतून वसई-विरारपर्यंत जातं. ते पिणाऱ्यांनी निदान एका संध्याकाळी उलट दिशेने यावं, अंगणात मांडी घालून बसावं, आणि तांदूळ किती प्रकारांनी वाचता येतो ते पाहावं.